आधी सभा, मग जेवण

शालिनीताई,

तुम्ही गेलात त्याला आज सोळा दिवस झाले. टाउनशिपच्या लायब्ररीत दारासमोरचं तुमचं टेबल अजून कुणी आवरलेलं नाही. काल पुस्तकं परत करायला गेले तेव्हा पाहिलं. निळं कापड, चार पुस्तकं आणि तुमच्या गोल अक्षरातलं इंग्रजी कार्ड. तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या संसदेने हक्कांची यादी लिहून काढली, एवढंच त्यावर आहे. खाली एका शब्दाचा प्रश्न: कुणाच्या?

काउंटरवरच्या मुलीला विचारलं, हे कधी बदलणार. ती म्हणाली, "वी डोन्ट नो व्हॉट कम्स नेक्स्ट. शी ऑलवेज न्यू."

पुढे काय येतं हे तुम्हांला माहीत असायचं. इंग्लंडच्या राजांच्या सनावळ्या तुम्ही नागपुरात मॅट्रिकसाठी पाठ केल्या होत्या आणि पुढे मुलींच्या शाळेत इतिहास शिकवतानाही त्या विसरला नाहीत. यजमानांच्या, दत्ताभाऊंच्या, नोकरीमागे इथे अमेरिकेत पिस्कॅटवेला आलात तेव्हा त्या शिकवण्याचा उपयोग नव्हता. लायब्ररीत पुस्तकं फळीवर लावायचं अर्धवेळ काम मिळालं. दोन वर्षांनी तुम्ही दारासमोरचं रिकामं टेबल मागून घेतलंत.

पंच्याऐंशीत बॉसवर्थच्या लढाईची पाचशे वर्षं मांडलीत. शहाऐंशीत विल्यम राजाने गावोगावची माणसं आणि नांगर मोजून घेतले, त्याची नऊशे. सत्त्याऐंशीत सगळा देश आपल्या राज्यघटनेची दोनशे वर्षं साजरी करत होता, लायब्ररीच्या खिडक्यांना झेंडे लागले होते, आणि दारासमोर तुम्ही स्कॉटलंडच्या मेरी राणीचा शिरच्छेद मांडलात. चारशे वर्षं. मुख्य ग्रंथपालांनी काहीतरी आनंदी मांडायला सुचवलं. "पुढच्या वर्षी स्पेनचं आरमार आहे," तुम्ही म्हणालात. "बोटी आहेत. मुलांना आवडतील."

एका आजोबांनी एकदा विचारलं होतं, "मॅम, आर यू इंग्लिश?" तुम्ही चष्मा काढून उत्तर दिलंत, "नो सर. आय वॉज ओन्ली एक्झामिन्ड इन इट."

आपला वाद त्या टेबलापासूनचा. मी पुण्याच्या एका दैनिकात उपसंपादक होते; इथे आपल्या मराठी मंडळाचं त्रैमासिक काढते. माझं म्हणणं असं की शतक भरलं ही बातमी नाही, ते काम कॅलेंडर करतं. तुमचं म्हणणं, "अगं संपादकबाई, तारीख आली की माणूस एक मिनिट थांबतो. त्या मिनिटात त्याला प्रश्न विचारायचा. एरवी इथे थांबायला वेळ आहे कुणाला?" हा वाद आपण गाडीत, पार्किंगमध्ये, तुमच्या स्वयंपाकघरात आणि फोनवर घातला. तो मिटला नाही. मात्र गेल्या नोव्हेंबरात जे झालं ते पाहता तो तुम्ही जिंकलात, अशी नोंद करणं भाग आहे.

सुरुवात मंडळाच्या घटनेपासून झाली, आणि ती घटना तुमच्या हाती मीच दिली होती.

अरविंदरावांनी मंडळ आपल्या बेसमेंटमध्ये सुरू केलं तेव्हा नियमावली हवी होती. त्यांच्या भावाने ठाण्याहून आपल्या सहकारी गृहनिर्माण सोसायटीची पाठवली. 'सोसायटी'च्या जागी 'मंडळ' आणि 'गाळा'च्या जागी 'कुटुंब' असं घालून ती टाइप झाली. तेव्हापासून अरविंदराव अध्यक्ष आणि ती नियमावली हीच घटना. अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात ती त्रैमासिकात पुन्हा छापायचं ठरलं. मुद्रितं मी तपासली. एका कलमात लिहिलं होतं, 'गच्चीची किल्ली सचिवांकडे राहील.' आपल्या मंडळाला गच्ची नाही. भाड्याचा शाळेचा कॅफेटेरिया आहे, आणि त्याची किल्ली शाळेच्या वॉचमनकडे असते. मी ते कलम चौकटीत छापलं. लोक पोट धरून हसले.

अंक पोचला त्या संध्याकाळी तुमचा फोन आला.

"गच्ची राहू दे. चौथं कलम वाचलंस?"

"तीनदा वाचलंय. चूक नाही एकही."

"चूक नाही म्हणे. मोठ्याने वाच."

मी वाचलं. 'प्रत्येक कुटुंबास एक मत राहील व ते कुटुंबप्रमुखाने द्यावे.'

ठाण्यात ते ठीक होतं. तिथे मत सदनिकेचं होतं. इथे सदनिका नव्हत्या, माणसं होती. तीनशे माणसांचा दिवाळीचा स्वयंपाक करणाऱ्या बायकांना मत नव्हतं. ऑपरेशन थिएटरमध्ये रोज माणसांना भूल देणाऱ्या डॉक्टर वहिनींना मत नव्हतं. सुधाचे यजमान गेले त्या वर्षी तिचा सदस्यत्वाचा फॉर्म परत आला होता: कुटुंबप्रमुखाचे नाव लिहावे. तिने वैतागून टेक्सासमधल्या दिराचं नाव लिहिलं. तो फॉर्म मंजूर झाला.

"सुधा राहते एडिसनला," तुम्ही म्हणालात, "आणि तिचं मत राहतं टेक्सासला. तुला हसू आलं ते गच्चीचं."

हसू मलाच आलं होतं आणि चौकटही मीच केली होती. मी मुद्रितं वाचली होती. तुम्ही मजकूर वाचलात. आमच्या कामात हा फरक कुणी दाखवून दिला की त्याचे आभार मानायचे असतात. मी तेव्हा मानले नाहीत.

त्याच आठवड्यात तुम्ही पुढच्या टेबलासाठी वाचत होता. सोळाशे अठ्ठ्याऐंशी: सात बड्या माणसांनी हॉलंडच्या राजपुत्राला चोरून पत्र लिहिलं, या आणि आमच्या राजाला आवरा. तो आला, जेम्स राजा पळाला, संसदेने सिंहासन रिकामं झाल्याचं जाहीर केलं आणि राजाच्याच मुलीला, मेरीला, नवऱ्यासह त्यावर बसवलं. फारसं रक्त न सांडता. तीनशे वर्षं.

मी म्हटलं, ही कसली क्रांती? बड्या लोकांचा सौदा होता. शेतकऱ्याला मत मिळालं नाही, मजुराला नाही, बाईला तर नाहीच. तुम्ही मान डोलावलीत.

"बरोब्बर. त्यांचं तेवढं राहिलं. ते आपण पिस्कॅटवेत करून टाकू."

मला वाटलं तुम्ही थट्टा करताय. दोन दिवसांनी तुम्ही टाइप केलेलं पत्र घेऊन आलात. अध्यक्षांना उद्देशून, अर्ध्या पानाचं. अठरा वर्षांवरील प्रत्येक सभासदाला स्वतःचं मत असावं, अशी घटनादुरुस्ती दिवाळीच्या सर्वसाधारण सभेत मांडावी. खाली सात रेघा. तुम्ही सांगितलंत की त्या सात इंग्रजांनी भीतीपोटी नावांऐवजी आकडे लिहिले होते. "आपण नाव लिहायचं. पुढे सौ. नाही, मध्ये नवऱ्याचं नाव नाही."

पहिल्या सहा सह्या आठवडाभरात झाल्या. तुमची, सुधाची, डॉक्टर वहिनींची, आणखी तिघींची. सातवी रेघ माझ्यासाठी होती. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुम्ही कागद ठेवलात, वर पेन ठेवलंत.

मी म्हटलं, "सभेचा वृत्तांत मी लिहिणार आहे. सही केली तर तो लिहिता येणार नाही."

"मग नको लिहूस. सही कर."

"वृत्तांत कोण लिहील?"

"कुणीही लिहील गं. सही कोण करेल?"

मी सही केली नाही. तुम्ही "बरं" म्हणालात, चहा संपवलात, कप स्वतः विसळून ठेवलात आणि कागद पर्समध्ये घालून निघालात. रागावला असतात तर मला सोपं गेलं असतं. सही न करण्याचं कारण मी बातमीदाराच्या तटस्थतेचं दिलं. खरं कारण असं की अरविंदराव आणि माझे यजमान एकाच कंपनीत आहेत. हे तुम्हांला माहीत होतं, तुम्ही बोलला नाहीत. मला माहीत होतं की तुम्हांला माहीत आहे, मीही बोलले नाही. ते तसंच राहिलं.

ती रेघ दोन आठवडे रिकामी होती. मग एका शनिवारी मीरा लायब्ररीत आली. अरविंदरावांची मुलगी, स्टेट युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला. पुस्तक परत करता करता तिने तुमच्या टेबलावरची सात जणांची गोष्ट वाचली आणि मंडळातल्या पत्राबद्दल तिने घरी काहीतरी ऐकलं होतं. पुढचं संभाषण तुम्ही मला फोनवर दोन्ही आवाज काढून ऐकवलंत.

"मावशी, इज धिस लीगल?"

"लीगल आहे गं. पण तुझ्या बाबांविरुद्ध आहे."

"नॉट अगेन्स्ट बाबा. अगेन्स्ट क्लॉज फोर."

"घरी काय सांगशील?"

"दॅट आय ॲम नाइन्टीन, मावशी. आय व्होट फॉर द प्रेसिडेंट ऑफ द युनायटेड स्टेट्स. व्हाय नॉट फॉर बाबा?"

तिने सही केली. तुम्ही हसत होता, हसता हसता खोकत होता. "राजाची मुलगी आली बघ आपल्या बाजूला," तुम्ही म्हणालात. "आता बोल. हेही कॅलेंडरने केलं का?"

पत्र पोचलं. पण घटनादुरुस्तीला दोन-तृतीयांश मतं हवी होती आणि मतं फक्त कुटुंबप्रमुखांची, म्हणजे जवळपास सगळी पुरुषांची. शिवाय आपली पद्धत अशी की दिवाळीला आधी जेवण आणि मग सभा. सभा चालायची तेव्हा बायका आत पातेली घासत, उरलेलं डब्यांत भरत. इतक्या वर्षांत, वही घेऊन बसणारी मी सोडले तर, एकाही बाईने मंडळाची सर्वसाधारण सभा पुरती ऐकलेली नव्हती. कुणी त्यांना मज्जाव केला नव्हता. वेळच तशी असायची.

तुमच्या घरी बैठक झाली तेव्हा एकीने सुचवलं, या वर्षी स्वयंपाकच करायचा नाही. तुम्ही मोडून काढलंत. "उपाशी माणूस मत देत नाही, भांडतो. अर्ध्या तासाने जेवायला मिळणार असलेला माणूस मात्र पटकन मत देतो." घटनेत गच्चीबद्दल नियम होता, जेवणाच्या वेळेबद्दल नव्हता. ती स्वयंपाक समितीची बाब. समितीने एका ओळीची सूचना काढली: आधी सभा, मग जेवण.

नोव्हेंबरातला तो रविवार माझ्या वहीत असा आहे. बाहेर बोचरी थंडी. आत ओव्हनमध्ये मसालेभाताचे ट्रे, वास कॅफेटेरियाभर. सत्तावन्न कुटुंबप्रमुख हजर. बायका एप्रन काढून आल्या आणि मधल्या रांगांत बसल्या. काही जणांनी आपल्या शेजारची खुर्ची पुसून दिली. त्यांना प्रकार अजून कळला नव्हता.

अरविंदरावांनी पत्र वाचायला घेतलं. मजकूर शांतपणे वाचला. सह्या वाचू लागले. सातव्या नावाशी थांबले. मग कागद टेबलावर ठेवला आणि दारातून बाहेर पार्किंग लॉटमध्ये गेले. त्यांचा कोट खुर्चीच्या पाठीवर राहिला.

कुजबुज सुरू झाली. मागून कुणी म्हणालं, अध्यक्षच गेले, सभा बरखास्त. दुसरा म्हणाला, उलट बरंय, खुर्ची रिकामी झाली, मत घेऊन टाका. तुम्ही उभ्या राहिलात.

"खुर्ची रिकामी नाही. ते कोट विसरलेत." मग मीराला म्हणालात, "जा गं, बाबांना कोट देऊन ये."

इतिहासातल्या संसदेने नेमकं उलट केलं होतं. राजा गेला याचा तिने फायदा घेतला. तुम्हांला ते तपशीलवार ठाऊक होतं, कारण ते टेबलावर तुम्हीच मांडलं होतं. तुमच्या विजयात मला सर्वांत मोठी वाटते ती ही जागा. जिंकण्याचा सोपा मार्ग समोर होता आणि तुम्ही कोट पाठवलात.

बाप-लेक बाहेर काय बोलले ते कुणालाच कळलं नाही. काचेतून दोघांच्या तोंडची वाफ तेवढी दिसत होती. दहा मिनिटांनी अरविंदराव कोट घालून परत आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "चर्चा सुरू करा."

एक गृहस्थ म्हणाले, "नवरा-बायको शेवटी एकच मत देणार. हा नुसता डबल काउंट आहे, यार."

"मग देऊ देत की दोनदा," तुम्ही म्हणालात. "तुमचं काय जातंय?"

"आणि हे जेवण अडवून ठेवणं? धिस इज ब्लॅकमेल, वहिनी."

"ब्लॅकमेल करायचं असतं तर भाऊजी, भातात मीठ घातलं नसतं. घातलंय. वास घेऊन बघा."

तेव्हा सगळा हॉल हसला. मीही हसले, आणि वही खाली पडली.

हात वर झाले. सचिवांनी मोजले, सदतीस. अडतीस हवे होते. दत्ताभाऊंचा हात सर्वांत आधी वर गेला होता आणि सर्वांत शेवटी खाली आला, हे तुम्ही पाठमोऱ्या असल्यामुळे पाहिलं नसेल. सचिवांनी पुन्हा मोजले. पुन्हा सदतीस. अरविंदरावांनी स्वतः उठून बोटाने रांगांमधून मोजलं. सदतीस.

"एक कमी आहे," ते म्हणाले.

मीरा तिसऱ्या रांगेतून म्हणाली, "बाबा, यू डिडन्ट काउंट युअरसेल्फ."

ते उभेच होते. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग समोरच्या पत्राकडे. आणि उजवा हात वर केला. पूर्ण वर, शाळेतल्यासारखा.

त्यानंतर किती वेळ टाळ्या चालल्या ते वहीत नाही. सुधा तुमच्या गळ्यात पडली एवढं आहे. वाढायला सुरुवात झाली तेव्हा अरविंदराव वाढणाऱ्यांत उभे होते आणि भात फार मोठ्या डावाने वाढत होते, हेही आहे.

त्रैमासिकात मी याच्या चार ओळी दिल्या. 'सर्वसाधारण सभेत घटनेच्या चौथ्या कलमात दुरुस्ती मंजूर झाली' अशी सुरुवात. तुम्ही अंक हातात घेऊन आलात.

"चार ओळी?"

"बातमी तेवढीच आहे."

"जेम्स राजाला सुद्धा याहून जास्त मिळाल्या असत्या!"

मी म्हटलं, कोट, भात, बोटाने मोजणं हा रंग झाला, बातमी नव्हे. तुम्ही म्हणालात, "बरं बाई." मला वाटतं मी चुकले. चार ओळींत कुणाचाही हात वर गेलेला दिसत नव्हता. हे तुम्हांला सांगायचं होतं. जानेवारीत सांगेन म्हटलं, मग हिमवादळ आलं, मग तुम्ही हॉस्पिटलमध्ये होता.

तरी शेवटच्या फोनवर आपण भांडलोच. नव्या घटनेखालच्या पहिल्या निवडणुकीसाठी मी निवडणूक अधिकारी, आणि मतदारयादी कशी लावायची यावरून. मी म्हटलं आडनावाने, जगात सगळीकडे तशीच असते. तुमचा आवाज थकलेला होता, पण मुद्दा नव्हता.

"आडनावाने लावलीस की नवरा-बायको पुन्हा एकाखाली एक. पहिल्या नावाने लाव."

"शोधायला वेळ लागेल."

"लागू दे. ज्याला स्वतःचं नाव शोधायचंय तो शोधेल."

मी म्हटलं बघते. तुम्ही म्हणालात, "बघते म्हणजे नाही. मला माहितीये तुझं 'बघते'." नर्स आली म्हणून फोन ठेवलात.

यादी पहिल्या नावाने लावली आहे, शालिनीताई. वेळ लागला. तुमचं बरोबर होतं की माझं, हे अजून ठरलेलं नाही. लोकांनी दोन्ही बाजूंनी तक्रारी केल्या. पण सुधा आली, 'स'वर बोट फिरवत खाली गेली, आपल्या नावाशी थांबली आणि तिथे तिचंच नाव होतं. बोट तसंच ठेवून थोडा वेळ उभी राहिली.

निवडणूक गेल्या रविवारी झाली. निकाल याच अंकात पान तीनवर आहे. इथे फक्त मतदानाआधीची पाच मिनिटं लिहायची आहेत.

यादीतलं दिवंगत सभासदाचं नाव मतदानापूर्वी सर्वांसमोर खोडावं आणि मतदारांची एकूण संख्या जाहीर करावी, हा नियम नव्या घटनेत तुम्हीच घालून घेतला होता. कुणाच्या नावावर दुसऱ्याने मत देऊ नये म्हणून. या वेळी नाव एकच होतं. मी यादीचं ते पान उघडलं. दत्ताभाऊ पहिल्या रांगेत बसले होते, त्यांनी मान खाली घातली. अरविंदराव टेबलाजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "या वेळेपुरतं राहू दे का?"

मी म्हटलं, "नियम आहे."

"त्यांचाच," ते म्हणाले. मग त्यांनीच पट्टी माझ्यापुढे सरकवली. मी पट्टी ठेवून एक सरळ रेघ मारली.

जुनी यादी असती तर तुमच्या जाण्याने तिच्यात एक अक्षरही बदललं नसतं. दत्ताभाऊंचं नाव तसंच राहिलं असतं, घराचं एक मत तसंच राहिलं असतं, बेरीज तीच आली असती. या यादीत तुमची स्वतंत्र ओळ होती. ती गेली तेव्हा मंडळाच्या मतदारांची संख्या एकाने कमी झाली. तो आकडा मी मोठ्याने वाचला. कुणी सुचवलं नव्हतं, पण सगळा कॅफेटेरिया उठून उभा राहिला. मग मतदान सुरू झालं.